लाल पाण्याची राखण

आमच्या आंबेवळणला जेव्हा पूल नव्हता आणि पलीकडच्या काठाला जायचं तर मुकिंदा भोयाच्या नावेशिवाय दुसरा मार्ग नव्हता, तेव्हाची ही गोष्ट आहे. तिला किती वर्षं झाली हे कोणी नक्की सांगत नाही. माझ्या आजोबांनी ती त्यांच्या आजोबांकडून ऐकली. सांगणारे बदलले तशी गोष्टही थोडी थोडी बदलत गेली. पण मुकिंदा पाण्यात उतरला तो चालत परत आला नाही, एवढं सगळे सारखंच सांगतात.

मुकिंदा नाव चालवायचा आणि मासे धरायचा. उन्हाळ्यात नदी आटून तिच्या जागी नुसते दगडगोटे उरायचे, पण गावाजवळच्या डोहाचा तळ कधी कोणी पाहिला नव्हता. मुकिंदा पाण्याकडे बघून खाली कोणता मासा आहे ते सांगायचा. मासा त्याच्या गळाला आपणहून यायचा, असं म्हणतात.

भोयांचा एक नेम होता. उन्हाळा सरता सरता डोहात मरळ माशाची पिल्लं वर येतात. तांबड्या रंगाची, मोहरीएवढी, हजारांनी. सगळी एका जागी गोळा होऊन फिरतात, आणि तेवढं पाणी कुंकू सांडल्यासारखं लाल दिसतं. त्या लाल पाण्याखाली नर आणि मादी दोघं राखण करत असतात. काहीही जवळ आलं की ती त्याच्यावर तुटून पडतात. तिथं गळ टाकला तर मरळ हमखास लागते, पण भोई तिथं गळ टाकत नसत. भुकेनं आला तो मासा आपला, पिल्लांपायी आला तो आपला नाही, एवढा साधा तो नेम.

अशाच एका उन्हाळ्यात कालव्याच्या मोजणीसाठी एक साहेब आले. त्यांचा तंबू डोहाच्या खाली कोसभर अंतरावर, दुसऱ्या एका लहान डबक्याकाठी होता. माणूस सज्जन. कोणाला उणा शब्द बोलायचा नाही. संध्याकाळी काम संपलं की ते लांब लवचीक काठी घेऊन आमच्या डोहावर येत. काठीला रेशमासारखा दोर आणि दोराला चकाकत्या पत्र्याचा खोटा मासा. साहेबांना मासा खायचा नसे. तो धरायचा, त्याचं चित्र काढायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, एवढाच त्यांचा छंद.

मुकिंदाच्या बायकोला, ठकूबाईला याचं फार हसू यायचं.

"खायाचा न्हाई तर धरता कशाला वो सायेब?"

"खेळ आहे बाई हा," साहेब म्हणाले. "त्याची ताकद आणि माझी ताकद. रक्ताचा एक थेंब सांडत नाही."

"खेळ? मग त्या माशाला इचारलं का, बाबा खेळतोस का म्हणून?"

काठावरची माणसं हसली. साहेबही हसले.

पण आठ दिवस झाले तरी साहेबांना बोटभर मासा मिळेना. बाया पाण्याला आल्या की विचारायच्या, "काय सायेब, आज काठी धुतली का?" नवव्या दिवशी साहेब नावेत बसले आणि वैतागून म्हणाले, "मुकिंदा, तुमच्या नदीत मासाच नाही रे. उगाच नाव झालंय हिचं."

हे मुकिंदाला लागलं. त्याला कोणी शिवी दिली असती तर त्यानं ऐकून घेतली असती. पण नदीला नावं ठेवलेली त्याला सोसली नाहीत. शिवाय त्याच्या मनात आलं, हा माणूस मारत तर नाही, धरतो आणि सोडतो. जाईल मासा पुन्हा आपल्या जागेवर. आणि त्यानं बोट वर केलं. काठावरच्या उंबराच्या मुळाशी जिथं पाणी लाल झालं होतं, ती जागा त्यानं दाखवली.

पहिल्याच फेकीला नर आला. नर घेतला तशी मादी वर आली आणि तीही लागली. दोन्ही मासे हातभर लांब होते. साहेबांचा चेहरा पोरासारखा फुलला. त्यांनी दोन्ही मरळी ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या घागरीत घातल्या आणि चित्र काढायला तंबूवर नेल्या. चित्रं झाली. मग त्यांनी दोन्ही मरळी तंबूसमोरच्या डबक्यात अगदी हलक्या हातानं सोडून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मुकिंदानं विचारलं, "सायेब, कुठं सोडल्या?"

"आमच्या डबक्यात. मजेत गेल्या."

मधे कोसभर कोरडे दगड होते. त्यावरून मासा परत कसा येणार? मुकिंदाचं तोंड उतरलं. त्यानं उंबराकडे पाहिलं. पाणी अजून लाल होतं, पण लाली निम्मी झाली होती. खालून वाम आणि शिंगाडा हे पिल्लं खाणारे मासे उसळत होते, वरून खंड्या सूर मारत होता, आणि पिल्लं पांगायची सोडून एकमेकांना आणखी बिलगत होती.

"सायेब, ह्ये बरं न्हाई झालं."

ते बोलणं साहेबांच्या जिव्हारी लागलं. "तू रोज पाटीभर मासे मारतोस. मी दोन धरले आणि जिवंत सोडले. मग आपल्यातला पापी कोण, तूच सांग."

मुकिंदानं नाव खुंटाला बांधली, पागोटं काठावर काढून ठेवलं आणि तो उंबराखाली कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं पिल्लं त्याच्या पायांभोवती गोळा झाली, असं म्हणतात.

दुपारी ठकूबाई भाकरी घेऊन आली. "अवं, चला की वर. लोक हसत्यात."

"हसू दे. ह्यांची आई-बा येईस्तवर मला हलता येत न्हाई."

"ती आता कुठली येत्यात?"

"मग मी हायेच. ह्याच बोटानं दावलं ना मी, ठके."

तो दिवस गेला, रात्र गेली, आणि असे दिवसांमागून दिवस गेले. ठकूबाई काठावरून त्याला घास भरवायची. तो हातांनी पाणी हलवून वाम हाकलायचा, मान हलवून खंड्याला भिववायचा. भर उन्हात त्याच्याभोवतीचं पाणी गार असायचं आणि त्या उन्हाळ्यात डोह बोटभरही उतरला नाही, असं म्हणतात. पिल्लं त्याच्या ओंजळीत येऊन श्वास घ्यायची आणि परत खाली जायची. पण त्याच्या पायांची कातडी पाण्यानं फुगली, मग फाटली. एक दिवस ठकूबाईला पाण्यात दुसरीच लाली दिसली. ती पिल्लांची नव्हती.

बाराव्या दिवशी साहेब आले. त्यांच्या हातात ओल्या पंच्यात गुंडाळलेली मादी होती. ओठ फाटलेली, मेलेली. डबक्यात शोधूनही नर त्यांना सापडला नव्हता. ते तिला मांडीवर घेऊन काठावर बसले. मुकिंदाच आधी बोलला.

"सायेब, तुमी इचारलं व्हतं, पापी कोण. मी बी हाय. म्हणून तर पान्यात हाय."

साहेबांनी काठी ठकूबाईच्या अंगणात ठेवली आणि ते तळ उठवून गेले. त्यांनी पुढं कधी गळ धरला की नाही, गावाला ठाऊक नाही. ठकूबाईनं त्या काठीवर बरीच वर्षं धुणं वाळत घातलं.

एकविसाव्या दिवशी पहाटे मुकिंदा उभ्या उभ्याच गेला. पण तो पडला नाही. चार भोयांनी ओढून पाहिलं, देह जागचा हलेना. पाय तळाशी रुजल्यासारखे झाले होते आणि हात ओंजळ करून तसेच होते. पिल्लं अजून तांबडीच होती. त्यांना आणखी आठवडाभर तरी राखण हवी होती.

तेव्हा ठकूबाईनं लुगड्याचा काष्टा मारला. जन्मभर ती पाण्याला भ्यायची. नावेत बसली तरी डोळे मिटून घ्यायची. ती उंबराच्या मुळीला धरून उतरली, नवऱ्याशेजारी उभी राहिली आणि आपली ओंजळ तिनं त्याच्या ओंजळीखाली धरली.

"आले मी," ती म्हणाली. "आता व्हा बाजूला."

तसा मुकिंदाचा देह मोकळा झाला आणि अलगद तिच्या खांद्यावर आला, असं म्हणतात. भोयांनी तो काठावर घेतला. त्यांनी पलीकडच्या काठावर त्याला अग्नी दिला, तेव्हा ती पाण्यातच होती. तिनं तिथूनच धूर पाहिला. नऊ दिवसांनी पिल्लं काळी पडली, पांगली, आणि मगच ती वर आली.

आता पूल झाला आहे. शहरातून माणसं लांब काठ्या घेऊन येतात. त्यांना डोहाच्या वाटेवर कोणी ना कोणी भोई भेटतोच आणि एवढंच विचारतो, "खायला का खेळायला?" खायला म्हटलं तर तो स्वतः मासा धरून देतो. खेळायला म्हटलं तर त्यांना चहा पाजून पुलावरून परत पाठवतात.

आणि उन्हाळा सरता सरता उंबराखालचं पाणी लाल झालं की भोयांच्या घरातलं एक माणूस तिथं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहतं. बाई असो की बाप्या, दिवस असो की रात्र. पिल्लं काळी पडेपर्यंत ती जागा रिकामी ठेवत नाहीत. एकाची पाळी संपली तरी तो आपणहून वर येत नाही. दुसरं माणूस शेजारी येऊन ओंजळीखाली ओंजळ धरतं आणि म्हणतं, "आले मी. आता व्हा बाजूला." पुरुषसुद्धा "आले मी" असंच म्हणतात.