दुसऱ्या आळीतून आलेली ओ

सभेच्या भेरीवर कोणीतरी कापड बांधले होते. त्या सकाळी उत्पलेला खटकली ती एवढीच गोष्ट.

पूर्वी वाराणसीत राजा राज्य करीत असताना, तिथून बरेच उत्तरेला, शिलावती नदीच्या काठी राजाच नसलेले एक नगर होते. त्या नगरात बोधिसत्त्व नावाड्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव भद्रक. तो नावाडी आळीचा मुख्य होता. पुरात आधी माणसे, मग गुरे, मग सामान, हा त्याचा क्रम कोणी कितीही आरडाओरडा केला तरी बदलत नसे. उत्पला मात्र कोष्टी आळीतली. आईवडील गेलेले, घरात ती आणि तिचा थोरला भाऊ शोभित, आणि दोघांमध्ये एक माग.

नगराचा कारभार एक गणमुख्य पाही, आणि तोही वर्षापुरता. प्रत्येक घर सभेत एक शलाका टाकी, म्हणजे रंग दिलेली लाकडाची काडी. ज्याच्या रंगाच्या काड्या जास्त, तो मुख्य. वर्ष सरले की तो आपल्या मागावर नाहीतर नांगरावर परत. आणि भेरी सभागृहाच्या ओट्यावर उघडी असे. ज्याला काही सांगायचे असेल त्याने ती वाजवावी, बाकीच्यांनी हातातले काम टाकून यावे, अशी रीत होती.

"हे कापड कशाला?" उत्पलेने ओट्यावर उभ्या असलेल्या माणसाला विचारले.

"दवानं कातडं सैल पडतं, ताई."

"इतकी वर्षं नाही पडलं ते?"

तो हसला. ओळखीचाच माणूस होता, पण हसण्याआधी त्याने डावीउजवीकडे पाहून घेतले. भेरीवर कधी पहारा नसतो, हे तिच्या लक्षात घरी पोचल्यावर आले, आणि तिने ते भावाला सांगितले.

शोभित तर खो खो हसला. "तुझं आपलं काहीतरीच! चिमणी उडाली तरी दचकतेस. उद्या म्हणशील, शेजारणीनं रांजणावर झाकण का ठेवलं?"

आपण घाबरट आहोत हे तिला ठाऊक होते. लहानपणापासून सगळ्यांनी तिला ते इतक्यांदा सांगितले होते, की खरी भीती कोणती आणि आपली नेहमीची कोणती, हे तिचे तिलाच ओळखता येत नसे.

पुढे एकेक होत गेले. कोणतीही एक गोष्ट घेतली तर तिला नावे ठेवायला जागा नव्हती. सभेत लोक पूर्वी मिसळून बसत, आता आळीआळीने वेगळे बसवू लागले, का तर गोंधळ नको. दारापाशी काठ्या घेतलेले लोक आले, का तर म्हातारे पायरीवर घसरतात. मग बातमी आली की वाराणसीचा राजा सैन्य घेऊन निघाला आहे. सैन्य कोणी पाहिले नव्हते. ज्याने पाहिले त्याला भेटलेला माणूस मात्र प्रत्येक घराला माहीत होता.

त्या वर्षी गणमुख्य होता अरिंदम. माणूस वाईट म्हणून प्रसिद्ध नव्हता, हेच अवघड होते. दोन पावसाळ्यांपूर्वी बांध फुटला तेव्हा तो कमरेइतक्या पाण्यात उभा राहून दगड रचत होता. बोलणे मऊ, प्रत्येकाचे नाव लक्षात. त्याच्या मुदतीचा शेवटचा महिना लागला, आणि प्रस्ताव मांडला जाणार असल्याचे कळले: संकट टळेपर्यंत अरिंदमच मुख्य राहील, तोवर सभा भरणार नाही, आणि न्यायनिवाडा तो एकटा करील. संकट टळले की नाही, हेही तोच सांगेल.

शोभितने भर बाजारात विचारले, "सैन्य पाहिलंय कोणी? एकानं तरी हात वर करा!" कोणी केला नाही. लोक गालातल्या गालात हसले आणि पांगले.

दुसऱ्या दिवशी काठीवाले दोघे दारात आले. "चौकशी आहे. दुपारपर्यंत सोडतो." शोभितने जेवायचे ताट झाकून ठेवायला सांगितले. दुपार गेली, संध्याकाळ गेली, ताटातला भात कडक झाला. सकाळी ती कोठडीपाशी गेली तेव्हा त्यांनी तिला आतही सोडले नाही. "निवाडा नवीन नियमानं व्हायचाय," एवढेच सांगितले. म्हणजे सभेपुढे नव्हे. अरिंदमपुढे, दार लावून. या नियमाने गेलेला माणूस परत येईल की नाही, हे विचारायला पुढे सभाच राहणार नव्हती.

ती आळीत दारोदार फिरली. चंपाकाकूंनी तिला ओढूनच आत घेतले आणि कडी लावली.

"हळू बोल गं! भिंतीला लागून कोण राहतं माहीत आहे ना?"

"काकू, तुम्हाला पटतंय का हे सगळं?"

"पटायला काय, आम्ही काय आंधळे आहोत? तुझे काका रात्रंदिवस तेच बडबडतात."

"मग सभेत बोला ना कोणीतरी."

"बोलतील की. एवढी घरं आहेत." काकूंनी तिच्या हातात गुळाचा खडा ठेवला. "आमच्याकडे लेक बाळंतपणाला आली आहे. आम्ही कसं बोलायचं, तूच सांग."

असेच प्रत्येक घरी. या घरात लेक, त्या घरात आजारी म्हातारा, तिसऱ्या घरात लग्न ठरलेले. पटले कोणालाच नव्हते आणि बोलणार कोणीतरी दुसरे होते.

आणि त्या नगराची रीत अशी, की सभेत न बोलणे म्हणजेच होकार. प्रस्ताव तीनदा वाचायचा, ज्यांना मान्य त्यांनी गप्प बसायचे, ज्याला अमान्य त्याने उठायचे. वाडवडिलांना या रीतीचा मोठा अभिमान. 'आमच्याकडे आरडाओरड लागत नाही,' असे ते पाहुण्यांना सांगत. रीतीचा दुसरा भाग असा, की उठलेल्याला दुसऱ्या आळीतून कोणीतरी ओ द्यावी लागे, तरच नकार धरला जाई. एका आळीने रुसून सगळ्यांची कामे अडवू नयेत, म्हणून शहाण्या माणसांनी तो नियम केला होता. गप्प बसणे भीतीनेही असू शकते, हे मात्र त्यांच्या मनात आले नव्हते.

कोष्टी आळीचे मुख्य पूर्णकाका मागावर बसून होते. त्यांनी धोटा थांबवला नाही.

"शोभितचं वाईट वाटतं, पोरी. पण आळीचंही बघायला हवं. वरचा घाट आपल्याला मिळतोय. अरिंदमनं स्वतः शब्द दिलाय."

वरचा घाट! सूत धुण्यावरून कोष्टी आणि नावाडी यांच्यात त्या घाटापायी किती वर्षे जुंपली होती. रंगाने मासे पळतात म्हणून ते ओरडत, नावांनी पाणी गढूळ होते म्हणून हे. गेल्या उन्हाळ्यात तर हाणामारी झाली, आणि शोभितने भद्रकाच्या धाकट्या भावावर, तिष्यावर, दांडा उगारला. हात मोडला त्याचा.

दुसऱ्या आळीतून ओ हवी, तर तिथेच जायला हवे होते. उत्पला दुपारच्या उन्हात नदीकाठी गेली. भद्रक पालथ्या नावेच्या फटींत ताग भरत बसला होता. तिष्य सावलीत होता. त्याचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवल्यासारखा पडलेला.

"कोष्ट्यांची पोर वाट चुकली वाटतं," तिष्य म्हणाला. "का उरलेला हात मोडायला आलीस?"

"तिष्या," भद्रक एवढेच म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "बोल, मुली."

तिने ठरवून आणलेले सगळे बोलणे बाजूलाच राहिले. तिच्या तोंडून भलतेच निघाले. "दादा, तुम्हाला काय द्यायचं कबूल केलंय त्यांनी?"

भद्रकाने हातातला ताग खाली ठेवला. "वरचा घाट."

"आम्हालाही तोच दिलाय."

तिष्य कडवट हसला. "बघ दादा. एक घाट, दोन नवरदेव."

"तुझ्या भावानं याचा हात मोडला," भद्रक शांतपणे म्हणाला.

"हो."

"तो अजून वल्हं धरू शकत नाही."

"हो, दादा. त्याबद्दल सभेनं जी शिक्षा द्यायची ती द्यावी. पण सभेनं द्यावी."

भद्रकाने तिच्याकडे नीट पाहिले. तिचे हात कापत होते, ते तिने पदराखाली लपवले होते, तरी कापताना दिसत होते.

"मी आज शब्द देत नाही," तो म्हणाला. "माझ्यामागे घरं आहेत, त्यांना विचारल्याशिवाय दिलेला शब्द खोटा ठरेल. खोटा आधार देण्यापेक्षा तू घाबरलेली बरी."

ती घाबरलेलीच परतली. जातानापेक्षा जास्त.

सभेच्या दिवशी घराची जागा रिकामी ठेवायची नाही असा नियम होता, म्हणून शोभितच्या जागी ती बसली. एका बाजूला कोष्टी, पलीकडे नावाडी, त्यापलीकडे कुंभार आणि माळी, आणि प्रत्येक दोन आळ्यांमध्ये काठीवाल्यांची रांग. अरिंदम नेहमीसारखा जमिनीवरच बसला होता. त्याने ओळखीच्या म्हाताऱ्यांच्या गुडघेदुखीची चौकशी केली.

वाचकाने प्रस्ताव वाचला. सभा गप्प.

उत्पलेने उठायचे ठरवले. पाय उठले नाहीत. आपण घाबरट आहोत, इतकी शहाणी माणसे बसली आहेत, चुकत आपणच असू, असे तिला वाटले. समोर चंपाकाकू आपल्या बांगड्या मोजल्यासारख्या फिरवत होत्या.

वाचकाने दुसऱ्यांदा वाचले. कोणीतरी खोकले आणि तो खोकला त्याने अर्ध्यात गिळला. ते गिळणे तिने ऐकले. मग तिने आजूबाजूला पाहिले, आणि तिला दिसले की सगळ्यांचे हात तिच्यासारखेच पदराखाली, उपरण्याखाली लपलेले आहेत. आजवर तिला वाटे, या गावात घाबरणारी आपण एकटी. हे कळून धीर यावा, तर उलटच झाले. सगळेच घाबरलेले असतील तर बोलणार कोण?

तिसरे वाचन संपत आले. पूर्णकाकांनी मागून तिचा पदर धरला. तिने तो सोडवला नाही, तशीच उठली, पदर त्यांच्या मुठीत राहून खांद्यावरून ताणला गेला.

"मला... मला मान्य नाही."

सगळी सभा तिच्याकडे वळली. अरिंदम हळवेपणाने म्हणाला, "शोभितची बहीण ना? बाळ, तुझं दुःख मला कळतं. बस खाली."

"मला मान्य नाही," ती पुन्हा म्हणाली. या वेळी आवाज चिरकला आणि कोणीतरी फिसकन हसले.

"ठीक आहे. रीत म्हणजे रीत," अरिंदम म्हणाला. त्याने खूण केली. वाचकाने पाण्याच्या घंगाळात भोक असलेली तांब्याची वाटी सोडली. ती बुडेपर्यंत मुदत. "बोलाव, बाळ. ज्याला बोलवायचं त्याला बोलाव."

रीतीची हाक तिला पाठ होती. लहानपणी शोभित आणि ती सभा-सभा खेळत, तेव्हा हाक घालणारी नेहमी तीच असे.

"दुसऱ्या आळीतून कोणी आहे का?"

कुंभारांनी जमिनीकडे पाहिले. माळ्यांनी एकमेकांकडे. वाटीत पाणी चढत होते. नावाड्यांकडे पाहायची तिची छाती होईना. काठीवाल्यांपैकी एकाने काठी या हातातून त्या हातात घेतली, तेवढ्यानेही ती दचकली.

"दुसऱ्या आळीतून कोणी आहे का?"

अरिंदमच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच होते, फक्त तो आता तिच्याकडे पाहत नव्हता. तो काठीवाल्यांच्या म्होरक्याकडे पाहत होता आणि म्होरक्या तिच्याकडे. आपले नाव आता कुठेतरी टिपले गेले, हे तिला स्वच्छ कळले. कोठडीच्या ज्या दारातून तिला आत सोडले नव्हते, त्याच दारातून आता सोडतील. वाटीचा काठ पाण्याला टेकला. तिला वाटले, बसावे. बसले तर अजून विसरतील कदाचित.

"कोणी आहे का?" रीतीचे उरलेले शब्द तिच्या तोंडून फुटलेच नाहीत. "आहे का हो कोणी?"

नावाडी आळीत घोंगडी सरकल्याचा आवाज झाला. तिष्याने डाव्या हाताने कोणाला तरी उठायला आधार दिला होता. भद्रक उभा राहिला. त्याने आधी आपल्या माणसांकडे पाहिले, मग पलीकडच्या कोष्ट्यांकडे, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, नदीवर घालायच्या आवाजात तो म्हणाला,

"वरचा घाट कोष्ट्यांनी घ्यावा, आमचं काही म्हणणं नाही. पोरी, मी आहे."

शास्त्याने, म्हणजे भगवान बुद्धाने, ही कथा भिक्षूंना इथवर सांगितली आणि मग जुन्या जन्माची गाठ आजच्या जन्माशी जुळवली. "भिक्षूंनो, संघात फूट पाडून तो एकट्याने चालवू पाहणारा जो भिक्षू तुम्हाला ठाऊक आहे, तोच त्या वेळी अरिंदम होता. त्या संध्याकाळी सभेने ज्याला सोडवले तो शोभित, आणि ज्याने मोडका हात असून आधार दिला तो तिष्य, हे दोघे आज तुमच्यात एकाच कुटीत राहतात. खाली मान घालून बसलेली, आणि भद्रकामागून एकेक करून उभी राहिलेली घरे, ती ही सारी परिषद. परवा संघापुढे बोलताना जिचा आवाज कापला म्हणून तुम्ही हसलात, ती भिक्षुणी म्हणजे उत्पला. आणि भद्रक नावाडी तो मीच."

परक्या आळीतून आलेल्या हाकेला, आपले काही जाणार हे ठाऊक असून, वेळेत ओ देणे, हीच या कथेतली मैत्री-पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेली मैत्री.