भिकूने देव पाण्यात घातला

चला, दिवा बारीक केला आजीने. पाय पोटाशी घ्या आणि निमूट पडा. हुंकार द्यायचा, प्रश्न विचारायचे नाहीत. आजची गोष्ट जरा कडू आहे, पण कारल्याची भाजीही खावीच लागते कधी कधी.

तर एकदा काय झालं, पुष्कळ नद्यांच्या अलीकडे एक लहानसं गाव होतं. तिथे अप्पा आणि गोदूबाई असं जोडपं राहायचं. त्यांची पहिली दोन लेकरं जगली नाहीत. तिसऱ्या वेळी गोदूबाईने देवापुढे पदर पसरला, आणि मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव ठेवलं भिकाजी. म्हणजे भीक मागून आणलेला. जुनी माणसं असंच करायची, बरं का. असलं दळभद्री नाव ऐकलं की मरण नाक मुरडतं आणि पुढच्या घरी जातं, म्हणायची.

हा भिकू मोठा झाला. त्याच्या हाताला अशी चव, की साध्या वरणाला फोडणी दिली तरी शेजारची माणसं वाट्या घेऊन यायची. मग एक दिवस दूरदेशीच्या राजाचा सरदार त्या वाटेने गेला, भिकूच्या हातचं जेवला आणि चाटून पुसून म्हणाला, तू चल आमच्या राजाच्या मुदपाकखान्यात. राजा मोठा खवय्या होता. भूक लागली की प्रधानावरही खेकसायचा.

भिकू निघाला. अप्पा ओट्यावर बसून नुसते पाय चोळत राहिले. गोदूबाईने देव्हाऱ्यातून आपला पितळेचा बाळकृष्ण उचलला. तिच्या लग्नात माहेरून आलेला तो, अंगठ्याएवढा, रांगता. लहानपणी ती भातुकलीत त्याला जेवायला बसवायची. तो तिने पदराने पुसला, भिकूच्या हातात दिला आणि सांगितलं, "याला रोज आंघोळ घाल, आधी याला वाढ आणि मग तू जेव. मी तिथे नाही, हा आहे." मग देव्हाऱ्यातल्या रिकाम्या जागी तिने एक सुपारी ठेवली आणि तिलाच हळदकुंकू वाहू लागली.

भिकू दूरदेशी पोचला. राजा खूश झाला. भिकूला घर मिळालं, पुढे लग्न झालं, सगुणा नावाची गोड बायको मिळाली, मुलगी झाली. सगळं छान. फक्त एक व्हायचं. रोज तिन्हीसांजेला भिकूला उचकी लागायची. कोणी आठवण काढली की उचकी लागते, ठाऊक आहे ना तुम्हाला? आणि आठवण काढणाऱ्याचं नाव घेतलं की ती थांबते. भिकू कढई ढवळता ढवळता "आई" म्हणायचा, की उचकी बंद. मुदपाकखान्यातली माणसं हसायची. म्हणायची, म्हातारी दिवा लावायला बसली वाटतं.

मग काय झालं, मीठ विकत देशोदेशी फिरणारा एक लमाण होता, हेमला नाईक. तो भिकूच्या गावावरून आला आणि निरोप घेऊन आला. अप्पांना आता नीट दिसत नाही. विहिरीवर पाणी आणायला गेले आणि काठावरच घसरून पडले. आत पडले नाहीत एवढंच नशीब.

भिकूचा जीव गलबलला. तो राजाकडे गेला, जाऊ का म्हणाला. राजा म्हणाला, दसऱ्याचं जेवण उरकू दे, मग जा. आता हा म्हणू शकला असता, दसरा दरवर्षी येतो महाराज, बाप एकच आहे. पण तो घरी आला आणि त्याने काय केलं? तांब्याच्या तपेलीत पाणी भरलं आणि त्यात बाळकृष्णाला बुडवून ठेवलं. याला म्हणतात देव पाण्यात घालणं. काम होईस्तोवर देवाला बाहेर काढायचं नाही. माणूस अडला की देवाला असा ओलीस धरतो.

म्हणाला, देवा, अप्पांना विहिरीवर जावं लागू नये.

थोड्या वेळाने पाण्यावर बुडबुडे आले आणि बाळकृष्णाने डोकं वर काढलं. दात वाजत होते बिचाऱ्याचे. तो म्हणाला, अरे, दोन घागरी पाणी तर आणायचं आहे, तू जाऊन ये की. भिकू म्हणाला, मला जायला किती दिवस लागतील, तू तर डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचशील. देवाने त्याच्याकडे बघितलं आणि गेला. सकाळी अप्पांनी काठी टेकत दार उघडलं तर विहीर दाराशी आलेली, हात घातला की पाणी लागेल अशी. इकडे बाळकृष्ण परत देव्हाऱ्यात येऊन बसला. पायाला तांबडी माती होती. भिकूने ती धुऊन टाकली.

मग वर्ष गेलं, वर्षावर वर्ष गेलं. हेमला पुन्हा आला. आता गोदूबाईचे हात कापायला लागले होते. भाकरी थापली की तव्यावर जाण्याआधीच मोडायची. दोघं ताकात कण्या भिजवून खात होती. आणि त्यांचा लेक राजाच्या पंगतींना वाढत होता, बरं का.

भिकूने त्या दिवशी स्वतःचं ताट सारून ठेवलं. डोळ्यात पाणी आलं त्याच्या, खोटं नाही सांगत मी. तो वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. पण राजकन्येचं लग्न आलं होतं, मुदपाकखाना त्याच्याशिवाय हलेना. मग पुन्हा तपेली, पुन्हा पाणी. देवा, आईला भाकरी थापावी लागू नये.

बाळकृष्ण वर आला, केस झटकले आणि म्हणाला, तुझ्याच हातची खायची असेल तिला, तर? भिकू म्हणाला, तुझ्या हातची माझ्याहून गोडच होईल. मग देव गेला. तिकडे गोदूबाई चूल पेटवायची आणि परातीतलं पीठ आपोआप गोल फिरायला लागायचं, टम्म फुगलेली भाकरी पानात पडायची. या खेपेला बाळकृष्ण लवकर परतलाच नाही. पंधरवडा उलटला तेव्हा आला. हाताला पीठ होतं आणि चेहरा माहेरपण करून आलेल्या पोरीचा असतो तसा. भिकूच्या ते लक्षात आलं नाही. तो लग्नाच्या लाडवांचा पाक बघत होता.

मग तिसऱ्यांदा हेमला आला. भिकूने आधीच विचारलं, पाणी आहे ना? आहे. भाकरी आहे ना? आहे. मग काय कमी आहे? हेमला बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "कमी काही नाही. म्हातारी दिवेलागणीला उंबऱ्यात बसते. आतून म्हातारा विचारतो, आला का गं? ती म्हणते, येईल. रोज तेवढंच."

भिकूला ते कळलं. पाणी नको होतं, भाकरी नको होती, आता त्याचीच गरज होती. दुसऱ्या कोणाचा तिथे उपयोग नव्हता. पण मुलीचं शिकणं चाललं होतं. घरावर माडी चढवायची होती. आणि अलीकडे उचकी इतकी वाढली होती, की राजाला वाढता वाढता कढी त्याच्या शेल्यावर सांडली होती. राजा सगळ्यांसमोर बोलला होता. या वेळी भिकू राजाकडे रजा मागायला गेलाच नाही. सरळ घरी गेला आणि तपेली भरली.

म्हणाला, "देवा, त्यांना माझी उणीव भासू देऊ नकोस."

पाणी बराच वेळ स्थिर राहिलं. मग बाळकृष्ण वर आला. या खेपेला तो कुडकुडत नव्हता. त्याने विचारलं, नीट विचार करून मागतोयस ना? भिकू म्हणाला, हो. देव म्हणाला, त्यासाठी मला तिथेच राहावं लागेल, परत येणार नाही. भिकूला वाटलं, याहून चांगलं काय? देव स्वतः माझ्या आईबापांपाशी. त्याने हात जोडले. डोळे उघडले तेव्हा तपेलीत नुसतं पाणी होतं.

त्या दिवसापासून उचकी थांबली. भिकूने गावभर सांगितलं, माझ्या आईबापांच्या घरी देव राबतो. लोक म्हणाले, काय ही भक्ती! त्याच्या पाया पडायला लागले. देवळात त्याला पुढे बसवायला लागले. आईबाप दूर टाकून माणूस पुण्यवान होतो, हे त्या गावाने पहिल्यांदाच बघितलं.

जागे आहात ना? मग ऐका. माडी झाली, मुलगी मोठी झाली. एका तिन्हीसांजेला तिला उचकी लागली. सगुणा हसून म्हणाली, आजीने आठवण काढली वाटतं. म्हणजे सगुणाची आई, पलीकडच्या आळीतली. भिकू वाटाणे सोलत होता, त्याचा हात थांबला. आपल्याला उचकी लागून किती काळ लोटला? त्याला आठवेना. त्याने मुद्दाम मूठभर कोरडं सातूचं पीठ तोंडात कोंबलं. उचकी लागली. तो "आई" म्हणाला. थांबली नाही. "अप्पा" म्हणाला. थांबली नाही. शेवटी "महाराज" म्हणाला आणि उचकी थांबली. राजाला भूक लागली होती.

भिकूच्या मनात आलं, आई गेली की काय? तो तसाच उठला आणि निघाला. राजाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही, फक्त सगुणाला म्हणाला, येतो. वेशीवरच्या शिपायाने त्याला रामराम केला आणि वाट मोकळी केली. कोणी म्हणजे कोणी अडवलं नाही. आधीही अडवलं नसतं.

मग तो नद्या ओलांडत, पायाला फोड आणत, गावाला पोचला. दिवे लागत होते. बघतो तो घर सारवलेलं, दाराशी काठोकाठ विहीर, आतून भाकरीचा खरपूस वास. आणि ओट्यावर गोदूबाई तांदूळ निवडत बसलेली. जिवंत, ठणठणीत, गालावर लाली. भिकूला रडूच फुटलं. तो पायरीशी जाऊन म्हणाला, "आई."

तिने वर बघितलं. डोळे नीट होते तिचे. म्हणाली, "कोण हवंय तुम्हाला? लांबून आलात वाटतं. बसा ना." आणि आत वळून हाक मारली, "भिकू, पाहुण्यांना पाणी आण रे."

आतून भिकू आला. घर सोडून गेला तेव्हाचा भिकू, तसाच मिशी फुटू घातलेला. त्याने तांब्या पुढे केला. तांब्या धरलेल्या बोटांची पितळी झाक बघून खऱ्या भिकूने ओळखलं, हे कोण आहे ते.

मग देव त्याला गोठ्याकडे घेऊन गेला. भिकू म्हणाला, आता मी आलोय, तू ऊठ इथून. देव म्हणाला, उठतो, माझी ना नाही. पण मी उठलो की यांना सगळं आठवेल. उंबऱ्यावरची एकेक संध्याकाळ आठवेल. इतकी वर्षं जो जवळ होता तो लेक नव्हताच, हेही कळेल. सोसेल का ते, तू बघ. भिकू म्हणाला, आधी जेवतो, मग सांगतो.

गोदूबाईने पान मांडलं. अप्पा भिंतीला टेकून बसले होते, देवाच्या गुडघ्यावर हात ठेवून. तो हात त्यांनी जेवताना सुद्धा उचलला नाही. गोदूबाई पाहुण्याला वाढता वाढता कौतुकाने सांगत होती. "आमचा भिकू गुणाचा हो. राजाकडून बोलावणं आलं होतं याला. पण आम्हाला सोडून एक दिवस कुठे गेला नाही."

भिकूला ठसका लागला. तिने पाणी पुढे केलं, पाठीवरून हात फिरवला. कोणाही पाहुण्याच्या फिरवला असता तसाच. मग विचारलं, "तुम्हाला आईवडील आहेत का?"

भिकू म्हणाला, "आहेत."

"मग त्यांच्याकडे जा हो आधी. वाट बघत असतील."

भिकूने ताट धुतलं. देव दारात उभा होता, उत्तराची वाट बघत. भिकूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच सांगितलं, "तू राहा." मग दोघांच्या पाया पडला. त्यांनी पाहुण्याला द्यायचा तो आशीर्वाद दिला, आणि तो आला त्या वाटेने निघून गेला. जन्मात त्याने आईबापांसाठी एवढी एकच गोष्ट स्वतः केली. माझा राग गेला नाही त्याच्यावरचा, पण ही गोष्ट त्याने केली, ते सांगायला हवं.

पुढे म्हातारा आणि म्हातारी पुष्कळ जगली, सुखात जगली. देवही सुखात राहिला, त्याला आई मिळाली. भिकू माडीत राहिला. त्याच्या घरचे म्हणायचे, तोही सुखातच आहे. म्हणणाऱ्याचं तोंड कोण धरणार? अशी ही गोष्ट, ऐकणाऱ्याने ऐकावी आणि सांगणारीने गप्प बसावं.

झोपा आता. पांघरूण नीट घ्या. उद्या पहाटेची गाडी आहे तुमची, मग पुन्हा वर्षभर दिसायचे नाहीत. आणि तुमच्या बाबाला म्हणावं, केव्हाचा दारात उभा आहेस, पाय दुखतील. आत येऊन बस म्हणावं जरा.