शेठची रोजची गाडी

शरयू गुरव वाईहून पाचगणीच्या शाळेत रोज गाणं शिकवायला जायची. बाजाच्या पेट्या आणि तबले मावतील अशी जुनी, परवडणारी स्टेशन वॅगन शोधता शोधता ती मेटाकुटीला आली होती. पाचगणीचे गाड्यांचे व्यापारी दिनकरशेठ तर तिला ब्रेकही दाबू देईनात.

"बाई, तुम्ही सूर बघा, गाड्यांचं आम्हाला कळतं. ही लाल वॅगन डोळे झाकून घ्या!"

"जरा चालवून बघते."

"सांगितलं ना, डोळे झाकून!"

शरयूने कपाळाला हात लावला. मग दारातल्या करड्या वॅगनकडे बोट दाखवून विचारलं, "आणि ती?"

"ती माझी. रोज तिनंच घाट चढून येतो. कधी रस्त्यात थांबली नाही."

"मग लालच्या किमतीत ती मला द्या. आणि लाल तुम्ही डोळे झाकून वापरा!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं शेठकडे बघू लागली. नाही म्हणायची सोयच उरली नाही. चरफडत त्यांनी करड्या गाडीची किल्ली काढून दिली.

दुसऱ्या दिवशी घाटात लाल वॅगन बोनेट उघडून उभी होती. शरयूने गाडी थांबवली. मागे पेट्या होत्या, म्हणून शेठ पुढे बसले आणि तबले मुकाट्याने मांडीवर घेतले.