टक झाल्यावर

“...आणि तिन्ही पाने सारखेच अचूक असतील, तर स्वस्तातला घेण्यात चूक काय?” ठोसरसाहेबांनी विचारलं.

बादशहाचाचा चाकाच्या तारा ताणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बादशहा आतार म्हणजे साताऱ्यातले जुने सायकल मिस्त्री. नाव बादशहा, राज्य आठ बाय दहाचं. प्रभंजन ठोसर हे कालव्यांच्या दरवाजांचे आराखडे तपासून निवृत्त झालेले इंजिनिअर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यामुळे स्वतःच्या करायला त्यांना आत्ता कुठे सवड मिळाली होती. तीन महिने ते रोज सकाळी चाचांकडे सायकलदुरुस्ती शिकायला येत. बहुतेक दिवशी शिकवूनच परत जात.

आज त्यांनी एक तक्ता आणला होता. टॉर्क पान्यांचा. बोल्ट ठरलेल्या मापापर्यंत आवळला गेला, की ‘टक’ करून सांगणारा हा पाना. तक्त्यात पाने तीन, रकाने अकरा. शेवटचा रकाना अर्थातच शेऱ्याचा.

“पहिला महाग, पेटीसकट. दुसरा मधला. तिसरा सगळ्यात स्वस्त. प्लास्टिकची मूठ, पेटी नाही. तिन्ही दोनपासून वीस न्यूटन-मीटरपर्यंत चालतात. आपलं काम पाचचं.”

“तुमच्या शेजाऱ्यांकडं एक आहे म्हणाला होतात.”

“मोटारीचा आहे. फुकट मिळतोय.”

“तो अठ्ठावीसच्या खाली बोलतच नाही. तो बोलेस्तोवर तुमचा बोल्ट तुटलेला असतोय.”

ठोसरांनी चौथी ओळ आखली, तिच्यात शेजाऱ्यांचा पाना लिहिला आणि शेऱ्यात ‘बाद’ असं नोंदवलं.

“एवढी घाई कशापायी, साहेब?”

“परवा रविवार आहे.”

चाचांनी चाक थांबवलं. रविवारचं त्यांना ठाऊक होतं.

ठोसरांची मुलगी ऋजुता पुण्याहून येणार होती. सायकलवर कासला जायचं आणि यवतेश्वरच्या घाटानं खाली उतरायचं, असा तिचा बेत. मागच्या खेपेला तिच्या सायकलीचं हँडल साहेबांनी स्वतः बसवलं होतं. चारांपैकी एक बोल्ट तुटून त्यांच्या हातात आला आणि कार्बनच्या हँडलला केसाएवढी चीर गेली. ऋजुता रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं ठोसरांना अजून वाटे. ती एवढंच म्हणाली, “बाबा, तुम्ही हात लावलेली सायकल मी घाटात नेणार नाही.”

नवं हँडल खोक्यात पडून होतं.

“ती म्हणते, चाचांकडून बसवून ठेवा.” ठोसर तक्त्याकडे बघत म्हणाले. “मला ते मी बसवायचंय.”

...

चाचांनी खण उघडला. जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेला एक पाना काढून ठोसरांपुढे ठेवला.

प्लास्टिकची मूठ.

“हा तर तिसरा,” ठोसर म्हणाले. “सगळ्यात स्वस्त.”

“हां.”

“मला वाटलं, तुम्हाला असल्या पान्याची गरजच नसेल. पन्नास वर्षांचा हात आहे.”

“पन्नास वर्षांचा आहे, म्हणूनच पाना घेतला.”

ठोसरांना हे शेऱ्यात लिहावंसं वाटलं. जागा नव्हती.

“लोखंड आधी कुरकुरतं, मग तुटतं,” चाचा म्हणाले. “तुमचं ते कार्बन कुरकुरत नाही.”

“पण हा भरवशाचा आहे?”

“ह्याचं काम टक म्हणायचं. तेवढं तो करतो.”

चाचांनी मूठ फिरवून पाचाचं माप लावलं आणि भिंतीजवळच्या सायकलीकडे बोट केलं. तिच्या हँडलचे चार बारीक बोल्ट सैल होते.

ठोसर पुढे झाले. त्यांनी चष्मा पुसला. पाना बरोबर मुठीच्या मध्यावर धरला, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळत आणले. रीत अगदी पुस्तकातली. मग पहिल्या बोल्टवर शेवटचा जोर दिला.

टक.

आणि मग एक बारीकसा हिसका.

“हे काय होतं?” चाचांनी विचारलं.

“कुठलं?”

“टक झाल्यानंतरचं.”

ठोसरांनी हाताकडे पाहिलं. हात जणू दुसऱ्या खात्यातून बदली होऊन आला होता.

“ते... खात्रीसाठी.”

“पाना म्हणाला, पाच झाले. तुम्ही काय म्हणालात?”

“...थोडं आणखी.”

चाचांनी फडक्याला हात पुसले. ठोसरांना बाजू मांडावीशी वाटू लागली.

“आमच्याकडे पद्धतच होती, चाचा. खालच्यानं मजबुतीसाठी दहा टक्के जास्त धरायचे. मधल्यानं त्यावर दहा. वर मी दहा. अठ्ठावीस वर्षांत माझा एक दरवाजा वाहून गेला नाही.”

“उघडायचे का?”

...

“काही उघडायचे.”

चाचांनी तो बोल्ट सैल केला. “पुन्हा.”

टक. हिसका या वेळी लहान होता, पण होता.

“पुन्हा.”

टक. ठोसरांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. तरीही कोपर हललं.

“घराला कुलूप लावल्यावर ओढून बघता?”

“तीनदा.”

“आणि पोरगी घाटात असली की?”

ठोसरांनी पान्याची मूठ उगीच पुसली.

“हँडल तुटायच्या आधीच्या खेपेला ती इथं हवा भरायला थांबली होती,” चाचा म्हणाले. “सांगत होती, बाबांचे तीन फोन आले. तिन्ही उतारावर. एका हातानं ब्रेक, एका हातानं फोन.”

“ती पोचली का, एवढंच विचारत होतो.”

“हां. थोडं आणखी.”

...

बाहेर कुणीतरी पंप मागितला. चाचांनी तो न बघता बाहेर सरकवला. मग पान्याचं माप परत अगदी खाली आणून ठेवलं.

“काम झालं की असं उतरवून ठेवायचं. ताणलेला ठेवला तर आतली स्प्रिंग दमते. मग टक म्हणते, पण खोटं.”

ठोसरांनी मान डोलावली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी काहीतरी दुरुस्ती न सुचवता ऐकून घेतलं. तक्त्याची घडी घालून खिशात ठेवली.

“मग हाच घेतो. स्वस्तातला.”

“घ्या.”

ते उठले. उंबऱ्यापाशी थांबले.

“चाचा, पाना आज मिळेल. पण हा हात... परवापर्यंत थांबायला शिकेल?”

“नाही.”

“मग ती म्हणते तसंच करू? तुम्हीच बसवा?”

चाचांनी चाक पुन्हा हातात घेतलं. एक तार बोटानं छेडून पाहिली. आवाज त्यांना पटला असावा, कारण ती तशीच सोडून ते पुढच्या तारेकडे वळले.

“हँडल तुम्हीच बसवा, साहेब. तिला समोर उभी करा...”

“आणि?”

“टक झालं, की पाना तिच्या हातात द्या.”