धूसराचं अंगण

आकाश अजून नवंकोरं होतं, तेव्हाची गोष्ट. धूसरा नावाची एक तरणी तारका होती. रूप लखलखीत, पण भोवती जिकडेतिकडे धूळ, खडे आणि बर्फाचा चुरा. तिची शेजारीण तेजाक्का वयाने मोठी. तिच्या स्वच्छ अंगणात आठ गुटगुटीत ग्रह फेर धरायचे. ते पाहून धूसराच्या पोटात दुखायचं. 'तिच्या पदरात आठ लेकरं आणि माझ्या वाट्याला उकिरडा! अंगण झाडते, म्हणजे मलाही होतील.'

तिने किरणांचा झाडू केला आणि केर लोटायला लागली.

वाटेने शेंडेबुवा नावाचा म्हातारा धूमकेतू चालला होता. तो थबकून म्हणाला, "पोरी, दिवेलागणीनंतर केर काढू नये. तू तर जन्मापासून पेटलेला दिवा! राहू दे तो चुरा."

"आक्कानंच पाठवलं असेल तुम्हाला," धूसरा फणकारली. "माझं चांगलं झालेलं तिला बघवतंय कुठं!"

शेंडेबुवा आपल्या वाटेने निघून गेला. धूसराने शेवटचा कणही बाहेर घालवला आणि वाट पाहत बसली. युगं गेली, एकही ग्रह आला नाही. शेवटी तिने मान खाली घालून विचारलं, "आक्का, तुमची लेकरं आली कुठून?"

"अगं, अंगणातल्या धुळीतूनच. कणाला कण चिकटत गेला, त्याचे हे गोळे झाले. तुझ्याकडे तर माझ्या दुप्पट धूळ! दृष्ट लागेल म्हणून मी तिकडे बघतसुद्धा नव्हते."

धूसराने मागे वळून पाहिलं. अंगण असं लख्ख झालं होतं, की आता त्याला कुणाचीच दृष्ट लागणार नव्हती.