पाठमोऱ्यांची खिंड

सावलीला या, पण दगडांच्या मध्ये जाऊ नका. बारा आहेत. अकरा उंच, एक बुटका. सगळे गोल उभे, आणि सगळ्यांची पाठ मधल्या रिकाम्या जागेकडे. आम्ही यांना पाठमोरे म्हणतो.

हे अकरा जण समुद्रापलीकडचे, असे सांगतात. तिकडे रोमच्या बादशहाचे अंगरक्षक होते. बादशहा मोहिमेवर निघाला की फौज पुढे लढायची आणि हे त्याच्याभोवती कडे करून उभे राहायचे. फौज मोडली तरच यांच्या तलवारी बाहेर निघत. पुढे तो बादशहा मेला, आणि हे गलबतात बसून आपल्या किनाऱ्याला लागले. इथल्या नागसिरी राजाने त्यांना पदरी ठेवले.

राजा कोवळा होता. पहिल्या मोहिमेच्या सकाळी त्याच्या आईने अंगरक्षकांच्या नायकाला, सेवेराला, बोलावले.

"त्याला जिवंत परत आण. त्याच्यावरची नजर हलवू नकोस."

"आणीन, आईसाहेब. पण त्याच्याकडे बघायचं काम तुमचं. आम्ही त्याच्याकडे पाठ करतो आणि येणाऱ्याकडे बघतो. तो आहे तोवर वळत नाही."

"आणि तो आहे, हे तुला कळणार कसं?"

"विचारीन. तो ढालीवर दोनदा मूठ वाजवील."

याच खिंडीत शत्रूने गाठले. फौज पळाली. अकरा जणांनी राजाला मध्ये घेतले. वरच्या डोंगरमाथ्यावरून बाण येत होते. तीन दिवस कोणी जागचे हलले नाही. सेवेर मधूनमधून विचारी, "राजे, आहात ना?" मागून आवाज येई, टक टक.

तिसऱ्या दुपारी राजाचा मामा नवी फौज घेऊन आला. शत्रू निघून गेला. मामाने कड्याच्या आत डोकावले आणि तो जागीच थांबला.

"सेवेरा, कुणाला राखतोयस? याच्या गळ्यात बाण आहे. अंगावर मुंग्या चढल्यात. पहिल्याच दिवशी गेलाय हा."

"आत्ताच उत्तर आलं."

"मागं वळून बघ."

सेवेर वळला नाही. त्याने पुन्हा विचारले. टक टक. मामानेही ते ऐकले म्हणे, आणि राजाचा हात तर हललेला नव्हता. आत पाऊल टाकायची त्याची छाती झाली नाही.

मग आई आली. बघायचे काम तिचे होते. पण तिने बघितले नाही. कड्याजवळ आली, त्या अकरा जणांच्या शेजारी पाठ करून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाळा, आहेस ना?"

उत्तर आले. ती परत गेलीच नाही. हा बुटका दगड तिचा.

आजही आमच्याकडचे कोणी लांब गेले आणि त्याची खबर नसली, की घरचे इथे येतात, पाठ करून उभे राहतात, नाव घेऊन विचारतात. आवाज ऐकला की मुकाट घरी जातात. वळायचे नाही, एवढाच नियम.

बुटक्या दगडाशेजारची जमीन झिजलेली दिसते ना, तिथे मी उभा राहतो. माझा धाकटा भाऊ पलटणीत होता. तिकडून एक पत्र आले, त्याला चाळीस वर्षे झाली. ते मी अजून फोडलेले नाही. दर सोमवारी येऊन विचारतो, आणि उत्तर येते.