डुबकीचं डुबुक

बसा बसा, मांडी घाला! कान इकडे, डोळे इकडे!

एक ओढा. ओढ्याकाठी एक डबकं. डबक्यात एक बेडकुली. केवढी? सुपारीएवढी! तिचं नाव डुबकी.

डुबकी रोज सकाळी काठावर चढायची. डोळे मिटायची. उडी मारायची.

डुबुक!

पुन्हा चढायची. पुन्हा डुबुक! पाण्यातून बाहेर म्हणून यायचीच नाही. आपल्याकडे पण आंघोळीला असं कुणीतरी करतं. मी नाव नाही घेणार!

एक दिवस काय झालं? डुबकी काठावर चढली. डोळे मिटले. उडी मारली.

पचक!

"ईईई! हे काय?"

नाकाला चिखल. पोटाला चिखल. पाऊस कधीच निघून गेला होता. डबक्यात उरलं होतं घोटभर पाणी. बाकी सगळा चिखल.

"माझं डुबुक कुठे गेलं? मला माझं डुबुक हवं!"

डुबकी रडली रडली. रडून कंटाळली. मग निघाली.

टुप्पुक टुप्पुक टुप्पुक. गेली ओढ्याकडे. ओढा पळत होता. खळखळ खळखळ!

"ओढेदादा, ओढेदादा, थांब ना!
डबकं भरेना,
माझं डुबुक होईना!"

"छे गं छे!" ओढा म्हणाला. "मला थांबताच येत नाही! आधी माझ्या वाटेत मातीची पोती आडवी बसू देत, मग मी थांबतो!" आणि पळाला की!

टुप्पुक टुप्पुक टुप्पुक. गेली पोत्यांकडे. शाळेच्या भिंतीशी रिकामी पोती लोळत होती.

"पोत्यांनो, पोत्यांनो, बसा ना!
ओढा थांबेना,
डबकं भरेना,
माझं डुबुक होईना!"

"छे गं छे!" पोती म्हणाली. "आमची पोटं बघ, कशी खपाटीला गेलीत! आधी माती पोटात येऊ दे, मग आम्ही बसतो!"

टुप्पुक टुप्पुक टुप्पुक. गेली मातीकडे. माती टेकाडावर झोपली होती. घुर्रर्र!

"मातीताई, मातीताई, ये ना!
पोती बसेनात,
ओढा थांबेना,
डबकं भरेना,
माझं डुबुक होईना!"

"छे गं छे!" माती म्हणाली. "मला कोण उचलणार? आधी फावड्याला उचलू दे, मग मी येते!" आणि कुशीवर वळली. घुर्रर्र!

टुप्पुक टुप्पुक टुप्पुक. गेली फावड्याकडे. फावडं सुताराच्या अंगणात उताणं पडलं होतं.

"फावडेभाऊ, फावडेभाऊ, उचल ना!
माती येईना,
पोती बसेनात,
ओढा थांबेना,
डबकं भरेना,
माझं डुबुक होईना!"

"छे गं छे!" फावडं म्हणालं. "माझा दांडा मोडलाय! आधी आप्पांना नवा दांडा ठोकू दे, मग मी उचलतो!"

आप्पा म्हणजे गेनूआप्पा सुतार. तिथेच बसले होते. कानावर पेन्सिल, मिशीत भुसा.

टुप्पुक! एकाच उडीत आप्पांच्या गुडघ्यावर!

"आप्पा, आप्पा, ठोका ना!
फावडं उचलेना,
माती येईना,
पोती बसेनात,
ओढा थांबेना,
डबकं भरेना,
माझं डुबुक होईना!"

"छे गं छे!" आप्पा म्हणाले. "दांडा कशाचा करू? माझ्या मिशीचा? आधी बाभळीला फांदी देऊ दे, मग मी ठोकतो! आणि हिरवी नको हं. हिरवीला अजून वाढायचंय. वाळकी माग, वाळकी!"

टुप्पुक टुप्पुक टुप्पुक. गेली बाभळीकडे.

"बाभूळमावशी, बाभूळमावशी, वाळकी फांदी दे ना!
आप्पा ठोकेनात,
फावडं उचलेना,
माती येईना,
पोती बसेनात,
ओढा थांबेना,
डबकं भरेना,
माझं डुबुक होईना!"

"छे गं छे!" बाभूळ म्हणाली. "माझा घसा कोरडा पडलाय! आधी ओढ्याला पाणी देऊ दे, मग मी फांदी देते!"

टुप्पुक टुप्पुक... हुश्श... टुप्पुक. गेली ओढ्याकडे.

"ओढेदादा, ओढेदादा, पाणी दे ना!
बाभूळ देईना,
आप्पा ठोकेनात,
फावडं उचलेना,
माती येईना,
पोती बसेनात,
ओढा थांबेना... अय्या! ओढा तर तूच!"

"मीच तो!" ओढा खदाखदा हसला. "पाणी हवं तर घे! पण मी काही थांबत नाही!"

डुबकीनं तोंड भरायला वाकून बघितलं. सुळ्ळकन वाहून चालली! "ए ए ए ए!" कसंबसं गवत धरलं. बाहेर आली. डोकं गरगर गरगर!

"ओढ्याला पोती हवीत. पोत्यांना माती. मातीला फावडं. फावड्याला आप्पा. आप्पांना बाभूळ. बाभळीला परत ओढा! अहो, मग आधी कुणी करायचं?"



डुबकी डबक्यापाशी गेली. तिथे होतं घोटभर पाणी. घोटभरच. तेवढंच तिचं होतं. ते दिलं तर काहीच उरणार नव्हतं. डुबकीला खूप वाईट वाटलं.

तरी तिनं ते पाणी तोंडात भरलं. गाल टम्म! आता डबक्यात पचक पण नाही. नुसतं खट्ट.

टुप्पुक... टुप्पुक... हळूच. सांडायचं नाही हं!

"कुठे निघालीस?" फावड्यानं विचारलं.

"म्म्म!"

"अगं, बोल की!" आप्पा म्हणाले.

"म्म्म म्म्म!"

गेली बाभळीच्या मुळाशी. आणि... फुर्रर्रर्र!

बाभूळ गटकन प्याली. "अगं चिमुरडे! तुझ्याच डबक्यातलं मला दिलंस? घे, घे फांदी!"

मग काय! धमालच उडाली!

बाभळीनं वाळकी फांदी टाकली. कडाड!

आप्पांनी दांडा ठोकला. ठक ठक ठक!

आप्पांनी हाळी दिली, "चला रे, ओढा अडवायला!" अख्खं गाव धावलं.

फावड्यानं माती उचलली. खर्र खप, खर्र खप!

माती पोत्यांत शिरली. धप धप धप!

पोती ओढ्यात आडवी बसली. धम्म! धम्म! धम्म!

"थांबा, थांबा!" आप्पांची बायको सरूआक्का ओरडली. "एवढी उंच नका रचू! थोडं पाणी पुढं जाऊ द्या. खाली पण कुणीतरी तहानलेलं असेल!"

मग वरची दोन पोती काढली. थोडं पाणी सुळसुळ पुढे गेलं.

बाकीचं पाणी थांबलं. "अरेच्चा!" ओढा म्हणाला. "थांबता येतं की मला!"

डबकं भरायला लागलं. बुडबुड बुडबुड. काठोकाठ!

डुबकी काठावर चढली. डोळे मिटले. सगळे गप्प. आप्पांची मिशीसुद्धा गप्प. डुबकीनं उडी मारली.

डुबुक!

"आलं! माझं डुबुक आलं!" डुबकी नाचायला लागली.

तेवढ्यात लांबून, खालच्या वळणावरून, बारीक आवाज आला.

डुबुक!

डुबकीचे डोळे एवढे मोठे झाले. "अय्या! तिथे पण कुणीतरी आहे!"

मग इकडून डुबुक, तिकडून डुबुक. इकडून डुबुक, तिकडून डुबुक!

ओढा थांबला, गोष्ट थांबली. आता गादीवर उड्या मारणाऱ्यांनी पण थांबायचं.

काय? एकच उडी? शेवटची?

बरं, मार.

डुबुक!